कुत्र्यांची यमकवाली चित्रपुस्तकं: तुमच्या घरी काय काय घडलं?

लेक अडीच वर्षांची आहे आणि सध्या घरात एकच पुस्तक चालतं, कुत्र्याचं. काल सलग अकरा वेळा वाचलं, मोजलंय मी. गंमत अशी की मी शेवटच्या शब्दाआधी थांबले की तो शब्द ती ओरडते. मग मीच एक जोडून पाहिलं, "चिखलात लोळला सगळा कुत्रा, आंघोळीला मात्र भलताच..." आणि थांबले, तर ही डोळे मोठे करून माझ्या तोंडाकडे बघत बसली आणि मग एकदम "भित्रा!" हा शब्द तिला कोणी शिकवला नव्हता हो, निदान मी तरी नाही. तुमच्याकडचे किस्से सांगा, छोटे मोठे कसेही.

*

आमच्याकडे पानं गाळायची सोय नाही. रात्री झोप अनावर झाली म्हणून दोन पानं एकदम उलटली तर तीन वर्षांचा मुलगा म्हणतो, बाबा तुझं जुळत नाहीये. चित्रं बघत पण नव्हता, नुसता कान!

*

मला भाषांतराबद्दल बोलायचंय. लिनली डॉड यांचं हेअरी मॅक्लेरी हे न्यूझीलंडचं पुस्तक, १९८३ चं, त्यात प्रत्येक कुत्र्याचं नाव त्याच्या वर्णनाशी जुळवलेलं आहे. हर्क्युलिस मॉर्स घोड्याएवढा का, तर मॉर्सला हॉर्स जुळतं म्हणून. आता हे भाचीला मराठीत सांगताना घोडा राहतो पण मजा जाते, म्हणून मी त्याचं बारसंच केलं, घोड्याएवढा धोंड्या. चित्रात मोठ्ठा कुत्रा काढून ठेवलाय, तो बदलता येत नाही, त्यामुळे नावंच बदलावी लागतात, आणि एक दोन कुत्र्यांची अजून जमलेली नाहीत.

*

मराठीतल्या आयत्या यमकांचा मला राग आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे कुत्रा आला, चेंडू गेला, पाऊस पडला, झालं यमक. असं एक पुस्तक भेट आलं होतं, पोराने दुसऱ्यांदा हातात घेतलं नाही, कारण ओळखण्यासारखं काही उरतच नाही ना, शेवटी "ला" येणार हे ठरलेलंच. शेवटचा शब्द चित्रात दिसणारा हवा, शेपूट, छत्री, डोळे असा, म्हणजे पोर बोट ठेवून तो स्वतः म्हणतं.

*

वर कानाचं लिहिलंय त्यावरून, ब्रॅडली आणि ब्रायंट यांचा १९८३ चा एक अभ्यास आहे, 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेला, इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरचा. चार-पाच वर्षांच्या मुलांना जुळणारे आवाज ओळखता येतात का ते आधी तपासलं आणि काही वर्षांनी त्यांचं वाचन बघितलं, तर दोन्हीचा संबंध निघाला. मी लहान मुलांना शिकवते, वर्गात मला हेच दिसतं, पण मुलं पुस्तक मागतात ती कुत्र्यासाठी, वाचन सुधारावं म्हणून नाही :)

*

थोडा वेगळा अनुभव. मुलगी कुत्र्यांना जाम घाबरायची, म्हणून ही पुस्तकं आणली आणि भीती गेली, पण इतकी गेली की बागेत एका अनोळखी कुत्र्याच्या गळ्यात जाऊन पडली! पुस्तकात सगळे कुत्रे मिठी मारून घेतात ना. तो गुरगुरला, मालकाने ओढून घेतलं, निभावलं. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खुशच आहे असं नसतं हे मलाही तेव्हाच कळलं. आता वाचताना मध्येच थांबून विचारते, आधी कोणाला विचारायचं? ती म्हणते, काकांना. झोपलेला असेल तर? हात नाही लावायचा. जेवत असेल तर? तेव्हा पण नाही. यमक मोडतं, मोडू दे.

*

मी आजोबा. कवळी काढून ठेवली की भू भू जास्त चांगलं निघतं. नातवाचा आग्रह असतो, आधी दात काढा मग वाचा.

*

आमच्या पुस्तकाचं शेवटचं पान आमच्याच पिल्लाने खाल्लं. जाड पुठ्ठ्याचं होतं तरी. आता "दमला, निजला, मिटले डोळे" इथे पुस्तक संपतं आणि पुढची ओळ लेक रोज नवी बनवतो, बऱ्याचदा काहीच्या काही असते. कालची मात्र लिहून ठेवलीये: "पोटात त्याच्या कागदाचे गोळे".