आयआर२१०४ पुरेल का?
आयआरएफपी४६० मॉसफेटच्या (इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) ब्रिजसाठी, म्हणजे वर-खाली जोडलेल्या मॉसफेटच्या सर्किटसाठी, आयआर२१०४ ही गेट ड्रायव्हर (मॉसफेटचं गेट चालवणारी) चिप सुचवली आहे. डेड टाइम (वरचा-खालचा मॉसफेट एकदम चालू होऊ नये म्हणून ठेवलेला मधला वेळ) आतच असल्याने मोह होतो, पण मी घेणार नाही. या मॉसफेटचा गेट चार्ज (चालू व्हायला गेटमध्ये भरावा लागणारा विद्युतभार) कमाल २१० नॅनोकुलंब. चिपचा किमान सोर्स करंट (गेट भरायला ती देते तो करंट) ०.१३ अँपिअर, म्हणजे गेट भरायला दीड मायक्रोसेकंदाहून जास्त. इतकं सावकाश चालू होताना मॉसफेट तापतो, त्यामुळे २० किलोहर्ट्झवर हीटसिंकची परीक्षाच! आयआर२११० या दुसऱ्या ड्रायव्हर चिपचे २ अँपिअर हेच काम शंभरेक नॅनोसेकंदांत उरकतात. फक्त डेड टाइम कंट्रोलरमधून द्यावा लागेल.

वरच्या मॉसफेटच्या गेटला वीज पुरवणारा बूटस्ट्रॅप कपॅसिटर खालचा मॉसफेट चालू असतानाच भरतो, त्यामुळे वरचा सतत चालू ठेवता येत नाही. कंट्रोलर आणि पॉवर सर्किट यांच्यात विद्युत विलगीकरण हवं असेल तर टीएलपी२५० हा ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देणारा) ड्रायव्हर बघा, मात्र वरच्या प्रत्येक मॉसफेटला शक्यतो स्वतंत्र आयसोलेटेड सप्लाय द्या.