जनरल इन्शुरन्समधले नवे धोके: नोट लिहायचीय, नेमका कशावर भर देऊ?

वारणाकाठ_२

नमस्कार मंडळी. मी मुंबईत एका जनरल इन्शुरन्स कंपनीत रिझर्व्हिंग टीममध्ये (पुढे द्यायच्या दाव्यांसाठी किती पैसे बाजूला ठेवायचे ते काढणारी) आहे, ॲक्च्युअरीच्या परीक्षेचे बरेच पेपर झालेत, जनरल इन्शुरन्सचे एसपी७ आणि एसपी८ राहिलेत. आमच्या अपॉइंटेड ॲक्च्युअरी (कंपनीच्या जोखमीच्या हिशेबाला जबाबदार) मॅडमनी माझ्याकडे एक नोट मागितलीय, येत्या काही वर्षांत आपल्या आकड्यांना कुठून धक्का बसू शकतो यावर, चार-पाच पानं, आणि ती पुढे रिस्क कमिटीकडे जाणार आहे. आता नेटवर शोधलं तर सगळीकडे तीच यादी मिळते, क्लायमेट, सायबर, एआय, महागाई, कायदे. यादी खोटी नाही पण ती वाचून मला सोमवारी ऑफिसात जाऊन काय बदलायचं ते कळत नाही. आमचा धंदा मुख्यतः मोटर, त्यातही थर्ड पार्टी (टीपी, म्हणजे ग्राहकाच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) बरंच, मग फायर (आग, पूर वगैरेंपासून मालमत्तेचा विमा) आणि थोडा पीकविमा. ज्यांनी ही कामं स्वतः केलीत त्यांनी सांगा ना, या यादीतलं आपल्याकडे खरोखर आकडे हलवणारं काय आहे आणि ते मांडायचं कसं?

---

टीपीवाला_काका

अरे तुझ्या कंपनीत टीपी मोठं आहे ना, मग नोटची निम्मी पानं त्यालाच दे. क्लायमेटवर सगळे बोलतात, पण आपल्याकडे ताळेबंदात सगळ्यात लांब शेपूट टीपीचंच आहे, म्हणजे दावे मिटायला सगळ्यात जास्त वर्षं तिथेच लागतात, आणि तिथला धोका आभाळातून येत नाही, कोर्टातून येतो.

एक उदाहरण घे. तीस वर्षांचा माणूस, स्वतःचा छोटा धंदा, महिन्याला वीस हजार कमाई, मागे बायको, दोन मुलं आणि आई. २००९ च्या सरला वर्मा निकालाचं कोष्टक लावलं तर वर्षाचे २,४०,००० रुपये, त्यातून स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, उरलेल्याला वयाच्या हिशेबाने १७ ने गुणायचं, म्हणजे ३०,६०,००० रुपये. धंदेवाल्याला भविष्यातल्या वाढीव कमाईचं काही धरायचं की नाही यावर नंतर उलटसुलट निकाल येत राहिले आणि शेवटी ३१ ऑक्टोबर २०१७ ला प्रणय सेठी प्रकरणात घटनापीठाने सांगितलं की चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्याला ४० टक्के धरा. तोच माणूस, तोच अपघात, रक्कम झाली ४२,८४,०००. शिवाय वारसांना द्यायच्या ठरावीक रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात तेही त्याच निकालात आहे, आणि २०१८ च्या आणखी एका निकालाने मुलांना आणि आईवडिलांनाही साहचर्य गमावल्याची भरपाई मिळायला लागली.

आता ॲक्च्युअरी म्हणून यात बघायचं काय, तर हा बदल फक्त नव्या अपघातांना लागला नाही, जेवढ्या केसेस त्या दिवशी पेंडिंग होत्या त्या सगळ्यांना लागला. म्हणजे २०१२ चा अपघात असो की २०१६ चा, ट्रँगलमध्ये (अपघाताची वर्षं उभी आणि त्यानंतर गेलेली वर्षं आडवी धरून मांडलेलं दाव्यांचं कोष्टक) धक्का बसतो तो तिरक्या रेषेवर, कॅलेंडर वर्षावर. चेन लॅडरचं (त्या कोष्टकावरून रिझर्व काढायची नेहमीची पद्धत) गृहीतकच असं की मागची अपघात-वर्षं ज्या चालीने वाढली त्याच चालीने पुढची वाढतील, तिरक्या रेषेवरचा धक्का त्याला दिसत नाही, तो बिचारा वाढलेला फॅक्टर (एका वर्षातून पुढच्या वर्षात दावे किती पट होतात तो आकडा) कायमचा धरून बसतो नाहीतर सरासरीत बुडवून टाकतो.

आणि त्यावर कोविड. २०२०-२१ मध्ये मोटार अपघात न्यायाधिकरणं बराच काळ नीट चालली नाहीत, पेमेंटं अडकली, मग लोकअदालतीत तुंबलेल्या केसेस निघाल्या. त्या दोन-तीन रेषा जशाच्या तशा ठेवून तू डेव्हलपमेंट फॅक्टर काढत असशील तर आधी ते थांबव.

तिसरी गोष्ट मुदतीची. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचं बंधन आणलं, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं. आधी असं बंधन नव्हतं म्हणून वर्षानुवर्षांनी दावे यायचे. म्हणजे २०२२ नंतरचा रिपोर्टिंग पॅटर्न जवळ आलाय, आयबीएनआर (घडलेल्या पण अजून कळवल्या न गेलेल्या दाव्यांची तरतूद) कमी दिसतंय आणि सगळे खूश आहेत. पण त्या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, उद्या ती गेली तर जे दावे संपले म्हणून आपण हिशेबातून काढले ते परत दारात उभे राहतील. ही एक गोष्ट जरी तू नोटमध्ये आकड्यानिशी मांडलीस, मुदत राहिली तर इतकं रिझर्व आणि गेली तर इतकं, तरी कमिटीला वाचण्यासारखं काही मिळेल.

दर आपल्या हातात नाहीत हे तर तुला माहितीच आहे. १ जून २०२२ ला सरकारने जे टीपीचे दर लावले, १००० सीसीपर्यंतच्या गाडीला २,०९४, १००० ते १५०० ला ३,४१६, ते पुढे तीन वर्षं तरी जागचे हलले नाहीत. किमान वेतन मात्र वाढत गेलं, आणि उत्पन्नाचा पुरावा नसला की न्यायाधिकरण बहुतेकदा किमान वेतनच धरतं. जबाबदारीला जिवाच्या बाबतीत वरची मर्यादा नाही. वरून नव्या दुचाकीला पाच वर्षांचं आणि कारला तीन वर्षांचं टीपी २०१८ पासून सक्तीचं, म्हणजे आज घेतलेला प्रीमियम पाचव्या वर्षातल्या अपघातालाही पुरवायचा.

---

भिवंडी_गोडाऊन

काकांचं पटलं पण फायर मागे ठेवू नकोस. मी प्रॉपर्टी अंडररायटिंगमध्ये आहे, ॲक्च्युअरी नाही, तरी रोज तुमच्या लोकांबरोबर बसते.

सगळ्यांना २६ जुलै २००५ आठवतो, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी. तेव्हा फायरचे दर टॅरिफने बांधलेले होते, १ जानेवारी २००७ ला ते सुटले. म्हणजे पुराचा जो सगळ्यात मोठा अनुभव आपल्याकडे आहे तो वेगळ्या दरांचा, वेगळ्या मुंबईचा आहे. त्यानंतर शहर किती भरलं, पाणी मुरायला जागा किती राहिली ते बघा. कोकणात २०२० च्या जूनमध्ये निसर्ग आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते, आणि लगेच जुलैत चिपळूण बुडालं. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला परत. शंभर वर्षांतून एकदा म्हणायचं आणि दोन वर्षांत पुन्हा यायचं, तर त्या परतीच्या काळाच्या आकड्यावर किती विसंबायचं हे तुमच्या मॉडेलवाल्यांनी स्पष्ट लिहायला हवं.

पण मला जास्त भीती साध्या गोष्टीची वाटते, ती म्हणजे पत्ता. पॉलिसीवर पत्ता असतो अंधेरीच्या ऑफिसचा आणि माल असतो भिवंडीच्या गोडाऊनमध्ये, तेही नदीकाठच्या. कॅट मॉडेल (पूर-वादळाच्या नुकसानाचा अंदाज काढणारं) कितीही महागडं घ्या, त्यात घातलेला पिनकोडच चुकीचा असेल तर एकाच पुरात आपला किती माल भिजेल हे कुणालाच कळत नाही. १ एप्रिलला रीइन्शुरन्सची ट्रीटी (आपल्या जोखमीचा भाग दुसऱ्या विमा कंपनीकडे देण्याचा करार) रिन्यू करताना समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो, ठिकाणवार सम इन्शुअर्ड (विम्याची रक्कम) द्या, आणि तो डेटा घाण असेल तर तो स्वतःच्या सुरक्षेसाठी दर वाढवूनच देतो. नोटमध्ये एक पान यासाठी ठेव, किती टक्के पॉलिस्यांना जोखमीच्या ठिकाणाचा पक्का पत्ता आहे ते तपासून लिही, मॅडम नक्की वाचतील.

---

हिंजवडी_ट्रँगल

मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या एका कंपनीचं पी अँड सी चं (मालमत्ता आणि दायित्व विम्याचं) काम करतो, आमच्यासारखे पुण्यात खूप आहेत, त्यामुळे तिकडचंही थोडं सांगतो कारण इकडे ते उशिरा का होईना येतं.

कॅलिफोर्नियाचं बघा. १९८८ ला लोकांनी मतदानाने प्रपोझिशन १०३ आणलं, तेव्हापासून दर वाढवायचा तर आधी मंजुरी हवी, आणि वणव्याचा लोड (दरातला जादा भार) काढायचा तो मागच्या वीसेक वर्षांच्या नुकसानाच्या सरासरीवरून, पुढचं सांगणारं मॉडेल वापरायचं नाही. मागची वर्षं शांत होती म्हणून सरासरी कमी, आणि नंतर २०१७, २०१८ ला वणव्यांनी शहरंच्या शहरं जाळली. दर मिळेना म्हणून मे २०२३ मध्ये स्टेट फार्मने तिथे नवीन घरविमा घेणं थांबवलं, आणि जानेवारी २०२५ ला लॉस एंजलिसमध्ये पॅलिसेड्स आणि ईटनच्या आगी लागल्या. वणव्यासाठी मॉडेल वापरायला परवानगी मिळाली तीही २०२४ च्या अखेरीस. दर बांधून ठेवले की ग्राहकाचं भलं होतं असं वाटतं, पण शेवटी त्याला पॉलिसीच मिळत नाही. काकांनी टीपीच्या दराचं लिहिलंय ते वाचताना मला हेच आठवत होतं.

सायबरचं एक सांगतो. घरं एका गावात जळतात, दुसऱ्या गावात नाही, म्हणून जोखीम पसरवता येते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकचा एक बिघडलेला अपडेट गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं एकाच दिवशी बंद पडली, विमानतळं, हॉस्पिटलं, बँका, कुठल्याही देशात. इथे हजार पॉलिस्या विकल्या तरी जोखीम हजार ठिकाणी वाटली जात नाही. तुमच्याकडे सायबरचा प्रीमियम आज किरकोळ असेल, तरी ते छोटं आहे म्हणून सोडू नका, सगळ्या ग्राहकांचं क्लाउड आणि सिक्युरिटी सॉफ्टवेअर कुठल्या दोन-तीन कंपन्यांचं आहे एवढी यादी तरी करा.

---

खरीप_बीड

पीकविमा "थोडा" आहे म्हणून दोन ओळीत संपवू नकोस ही कळकळीची विनंती. मी या कामात आहे आणि घरची शेतीही आहे, त्यामुळे दोन्हीकडून बघतो.

पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ ला आली, शेतकऱ्याने खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का भरायचं, बाकी केंद्र आणि राज्याने. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा केला आणि अर्ज दीड कोटींच्या वर गेले. त्यात देवस्थानच्या आणि सरकारी जमिनीवर विमा काढल्याची प्रकरणं निघाली. २०२५ ला एक रुपयाची योजना बंद केली, त्याबरोबर स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीपश्चात नुकसान हे ट्रिगरही (भरपाई लागू व्हायची कारणं) काढले आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगाच्या उत्पादनावर ठेवली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी उभं सोयाबीन मातीसकट नेलं. आता एखाद्या महसूल मंडळात सरासरी उत्पादन बरं निघालं तर नदीकाठच्या माणसाला काही मिळत नाही, त्याचं शेत मात्र खरडून गेलेलं असतं.

तुझ्या नोटसाठी सांगायचं तर इथे तीन वर्षांत तीन वेगवेगळी प्रॉडक्टं झालीत नावाने एकच असून. २०२३-२४ चा क्लेम रेशो घेऊन २०२६ चा दर काढणं म्हणजे दुसऱ्याच योजनेचा दर काढणं. उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली गेलं की भरपाई मिळते) मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाचांच्या सरासरीवर बेततात, महाराष्ट्रात त्या सरासरीच्या ७० टक्के, त्यालाच जोखीमस्तर म्हणतात. पाऊस असा वाढत गेला तर वाईट वर्षं हळूहळू त्या चांगल्या पाचातही शिरतात आणि उंबरठाच खाली येतो, कंपनीला ते दिसायला बरं, पण शेतकऱ्याचं संरक्षण तेवढं घटलेलं असतं. बीड पॅटर्न, ८०-११० वाला, आमच्या जिल्ह्यात २०२० ला सुरू झाला, त्यात क्लेम प्रीमियमच्या ११० टक्क्यांवर गेले तर राज्य भरतं आणि ८० च्या खाली राहिले तर कंपनीने वीस टक्के ठेवून उरलेलं परत करायचं. म्हणजे कंपनीची जोखीम त्या पट्ट्यात बांधलेली आणि तिच्यापलीकडे राज्याच्या तिजोरीची, तर मग राज्य वेळेत पैसे देईल का हीसुद्धा एक जोखीमच आहे, ती कुठल्याच मॉडेलमध्ये नसते. नोटमध्ये शेतकऱ्याच्या बाजूचं एक वाक्य तरी लिही, भरपाई कधी आणि कशावर मिळणार हे त्याला कळेनासं झालं तर तो पुढच्या वर्षी येत नाही आणि मग उरतात ते फक्त नक्की नुकसान होणारे.

---

बंपर_सेन्सर

ओन डॅमेजचं (ग्राहकाच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं) कुणी लिहिलं नाही म्हणून पटकन. पूर्वी बंपरला धक्का लागला तर बंपर बदलायचा. आता त्यात सेन्सर, काचेमागे कॅमेरा, बदलल्यावर कॅलिब्रेशन. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीच किमतीचा मोठा हिस्सा, पुराचं पाणी खालून लागलं की दुरुस्ती की टोटल लॉस हाच वाद. इलेक्ट्रिकला टीपीत १५ टक्के सूट दिलीय ती धोरण म्हणून, अनुभव बघून नाही. या गाड्यांचं सेव्हरिटी (दर दाव्यामागची सरासरी रक्कम) वेगळं काढ, पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळू नकोस.

आणि एआयचं एवढंच, प्राइसिंगला जीएलएमच्या (नेहमीच्या संख्याशास्त्रीय मॉडेलच्या) जागी मशीन लर्निंग लावलंत तर नकाराचं किंवा जास्त दराचं कारण ग्राहकाला सांगता आलं पाहिजे. पिनकोड, नोकरी, मोबाइलचा मॉडेल यातून जात-धर्म-वस्ती नकळत आत येते. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे तो वेगळाच.

---

वारणाकाठ_२

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. काका, तिरक्या रेषेचं पटलं, पण प्रत्यक्षात कसं करू? आमच्याकडे ट्रँगल फक्त पेड (दिलेली रक्कम) आणि इन्कर्ड (दिलेली अधिक द्यायची धरलेली), मृत्यू आणि जखमी एकत्रच.

---

टीपीवाला_काका

आधी मृत्यू आणि जखमी वेगळे कर, क्लेम सिस्टिममध्ये कोड असतो, नसला तर रकमेवरून अंदाज येतो. मग इन्कर्डवर न जाता संख्या आणि सरासरी रक्कम वेगळी धर, संख्येचा पॅटर्न एप्रिल २०२२ च्या आधीचा आणि नंतरचा असा दोन तुकड्यांत. सरासरी रक्कम अपघाताच्या वर्षाने लावू नकोस, निकालाच्या वर्षाने लाव, मग प्रणय सेठीची उडी उघड्या डोळ्यांनी दिसेल. तुझ्या राज्यातल्या किमान वेतनाशी जोडून वाढीचा दर काढ, महागाई निर्देशांक घेऊ नकोस. अलीकडच्या वर्षांना बॉर्नह्युटर-फर्ग्युसन पद्धत लाव, ती आधी धरलेल्या अपेक्षेवरही विसंबते.

आणि लीगल क्लेम्सच्या माणसांबरोबर एक दुपार बस. कुठल्या जिल्ह्यात निकाल वाढलेत, कुठले वकील तडजोडीला येतात, व्याज सहा टक्के देतात की नऊ, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि तुझ्या ट्रँगलमध्ये ते यायला तीन वर्षं लागतात. टीपीचं रिझर्व आत्तापर्यंत आपण डिस्काउंट करत नव्हतो (पुढे द्यायच्या रकमेची आजची कमी किंमत धरत नव्हतो) म्हणून आत थोडी उशी राहायची, आयएनडी एएस ११७ (विमा करारांचं नवं लेखामानक) आलं की ती उघडी पडेल, तेव्हा हे काम त्याच्या आधी करून ठेव. ट्रँगलचा ढाचा अडला तर नावं-आकडे काढून इथे टाक, बघतो.

---

भिवंडी_गोडाऊन

आणि पत्त्यांचा टक्का निघाला की मलाही सांग, आमच्याकडे तेच काम चालू आहे.