प्लीहा फाटली की काढायचीच का?

खानापूरकर: 'चौथ्या ग्रेडची प्लीहा फाटली की काढून टाकायची, नुसतं देखरेखीखाली ठेवणारे बिल वाढवतात,' असं काल इथं कुणीतरी ठोकून दिलंय. (प्लीहा म्हणजे पोटात डाव्या बरगड्यांखालचा अवयव, आणि ग्रेड म्हणजे इजा किती मोठी ते, एक ते पाच.) वाचून डोकं फिरलं. माझ्या पुतण्याला जांबोटी रोडवर उसाच्या ट्रॉलीनं उडवलं. पोरगं पोट सोडून डावा खांदाच दुखतोय म्हणत होतं. सीटीत ग्रेड चार! पण बीपी टिकून होतं, म्हणून मांडीच्या धमनीतून नळी घालून प्लीहेची रक्तवाहिनी बंद केली. टाका नाही, प्लीहा शाबूत. निर्णय बीपी आणि नाडीवर होतो ओ, नुसत्या ग्रेडवर नाही.

निपाणीचा दादा: तुमचं नशीब. माझ्या आतेभावालाही असंच ठेवलं होतं. बरा वाटतोय म्हणून वॉर्डात हलवला आणि तिथंच पुन्हा रक्तस्राव. रात्री भूल देणारा डॉक्टर मिळेना. शेवटी काढावीच लागली. ग्रेड चार-पाचला देखरेख फसण्याचा धोका जास्त असतो, हे का लिहिलं नाही?

अनगोळ: आणि ती नळी घालणारे तालुक्याला आहेत कुठं? निपाणीला कोल्हापूर जवळ, पण सरकारी उपचारांचं कार्ड कर्नाटकाचं. २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले ही मोफत उपचारांची योजना लागू केली, तर कर्नाटकानं विरोध केला. मधे मरतो आम्ही!

खानापूरकर: इथंही सीमाप्रश्न आणलाच का?

अनगोळ: आणणारच! पोटात रक्त साठत असताना गाडी कुठल्या बाजूला वळवायची, हे आमच्याकडं कार्ड बघून ठरतं. अर्ज तिकडचा, शिक्का इकडचा. तुमच्या घरात पैसे होते म्हणून तुम्हाला हा प्रश्न पडला नाही.

खानापूरकर: पैसे होते? जागा गहाण पडलीय आमची. न बघता बोलू नका.

निपाणीचा दादा: भांडू नका. खानापूरकर अण्णा, एवढं मानतो, बीपी टिकून असेल तर लगेच कापू नये. पण आयसीयू, रक्तपेढी आणि चोवीस तास सर्जन नसेल तिथं ठेवून घेऊ नये. वेळेत पुढं पाठवावं.

खानापूरकर: ते मलाही मान्य, नाइलाजानं का होईना. पण आतेभावाला लसी दिल्या का? न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब? प्लीहा नसलेल्याला साध्या तापातून काही तासांत सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरणारा जीवघेणा जंतुसंसर्ग, होऊ शकतो.

निपाणीचा दादा: डिस्चार्जच्या कागदावर लसीचं काहीच नाही. कुणी सांगितलंच नाही.

खानापूरकर: मग उद्याच घेऊन जा त्याला. आणि ताप आला तर घरी गोळी देऊन बसू नका, थेट दवाखाना गाठा.