१९८७ ची पद्मिनी: मर्यादित खर्चात इंजिनाची ताकद कशी वाढवावी?

मुलुंडची_पद्मिनी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांनी १९८७ मध्ये नवी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आजही आमच्या घरी आहे. हँड गिअर (स्टिअरिंगजवळचा गिअर), मूळचे १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि नूतनीकरण केलेली नोंदणी, अशी तिची स्थिती आहे. शहरात ती विनातक्रार चालते. मात्र गेल्या महिन्यात नाशिकला जाताना गाडीत चार माणसे आणि डिकीत दोन बॅगा असताना कसारा घाटात तिला तिसरा गिअर पेलवेना. अर्ध्या घाटात तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला आणि बॉनेट उघडून पाऊण तास थांबावे लागले. वडील शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण उतरताना त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, तो मला विसरता आलेला नाही.

एका मेकॅनिकने प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीचे जुने इंजिन बसवण्याचा सल्ला दिला, तर दुसरा म्हणतो की बोअर करून (सिलिंडर कोरून रुंद करून) मोठे पिस्टन टाकले की ताकद आपोआप वाढेल. माझ्याकडे साधारण ४०,००० रुपये आहेत. मला वेगाची हौस नाही, चार माणसे घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये, न तापता घाट चढता यावा एवढीच अपेक्षा आहे. हा पैसा कशावर खर्च करावा?

कुर्ल्याचा_लेथ

आपल्या दुसऱ्या मेकॅनिकचे म्हणणे आधी आकड्यांत तपासू. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५ मिलिमीटर आहे. रिबोअर करून ०.६ मिलिमीटर मोठे पिस्टन बसवले तर १०८९ चे सुमारे ११०९ सीसी होतात, म्हणजे वाढ दोन टक्क्यांहूनही कमी. रिबोअरनंतर गाडी जोरात पळू लागते हे खरे, पण ती वाढीव सीसीमुळे नव्हे. झिजलेल्या सिलिंडरमधून निसटणारा दाब पुन्हा कोंडला जातो, म्हणून ती पळते. बोअर झिजलेला नसेल तर त्याला हात लावणे म्हणजे चांगल्या ब्लॉकचे (सिलिंडर असलेल्या मुख्य भागाचे) आयुष्य कमी करणे होय. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्यानंतर हे ब्लॉक आणि हेड (सिलिंडरवरचे झाकण) जपून वापरण्याची गरज वाढलीच आहे.

माझे मत स्पष्ट आहे. पद्मिनीला नवी ताकद देण्याआधी तिची हरवलेली ताकद शोधावी. कारखान्यातून निघताना या इंजिनात चाळीसच्या आसपास अश्वशक्ती होती, आणि अडतीस वर्षांनंतर त्यातली किती उरली आहे हे मोजल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. इंजिन गरम करून चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत कोंडला जाणारा दाब) गेजने तपासा. एखादा आकडा इतरांपेक्षा बराच खाली असेल तर त्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) किंवा बोअरचा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा. या दहा मिनिटांच्या कामावर पुढचा सगळा खर्च अवलंबून आहे, आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी केले जात नाही.

कोणत्याही कारणाने हेड उतरवावे लागले, तर खरा आणि स्वस्त फायदा तिथे आहे. हेड ॲल्युमिनियमचे असल्याने एकदा तापलेल्या गाडीत ते किंचित वाकलेले असण्याची शक्यता धरून चालावे, आणि ते सपाट करताना कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) थोडा वाढवून घ्यावा. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २७२ सीसी आहे. माझ्या स्वतःच्या गाडीत ज्वलनकक्षाची जागा गॅस्केटच्या जाडीसह मोजली तेव्हा ती ४० सीसी भरली, म्हणजे रेशो ७.८ होता. लेथवर हेड घासून ती ३६ सीसीवर आणली आणि रेशो ८.५ च्या थोडा वर गेला. काचपट्टीला ग्रीस लावून ती हेडवर चिकटवायची आणि छिद्रातून सिरिंजने रॉकेल भरत मोजायचे, इतकी ही साधी रीत आहे. अंदाजाने घासू नये, कारण एकदा गेलेले ॲल्युमिनियम परत येत नाही. त्याच वेळी इनलेट मॅनिफोल्डची तोंडे आणि हेडमधील तोंडे एकमेकांशी नीट जुळतात का हेही पाहावे. माझ्या गाडीत गॅस्केटची कडा जवळजवळ दोन मिलिमीटर आत डोकावत होती आणि तेवढी वाट कायम अडलेली होती.

त्यानंतर डेल्को, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर. त्याचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहा. तो खुळखुळत असेल तर पॉइंटचा (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांचा) गॅप प्रत्येक फेरीत बदलतो आणि टायमिंग कितीही काळजीपूर्वक लावले तरी टिकत नाही. आधी बुश बदलून घ्यावा आणि मग पॉइंट-कंडेन्सरच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावावा. चढावर जोर लावताना होणारे मिसिंग (ठिणगी चुकणे) यानेच थांबते, असा माझा अनुभव आहे.

डोंबिवली_११८

मी स्वतः पद्मिनीत ११८ एनईचे इंजिन बसवले आहे, म्हणून त्याविषयी लिहितो. हे इंजिन मूळचे निसानचे, ए १२ नावाचे, ११७१ सीसीचे. अश्वशक्ती पन्नासच्या पुढे आणि चालही मऊ. गाडी सुंदर पळते, हे मी नाकारणार नाही. परंतु “इंजिन बदलणे” हे दोनच शब्द ऐकून मी कामाला हात घातला आणि प्रत्यक्षात इंजिनासोबत त्याचा गिअरबॉक्सही घ्यावा लागला, माउंटिंग नव्याने तयार करावे लागले, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलून तो बॅलन्स करून घ्यावा लागला, सायलेन्सरचा पुढचा पाइप वाकवून घ्यावा लागला आणि शेवटी हँड गिअर काढून फ्लोअर गिअर करावा लागला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या भागांच्या बाजारातून आणलेले इंजिन उघडल्यावर क्रँक घासलेला निघाला, तो खर्च वेगळाच. आपल्या अंदाजपत्रकात हे बसणार नाही.

कागदपत्रांचा भागही गंभीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. मी काम आधी केले आणि कागदांच्या मागे नंतर लागलो. कित्येक महिने गाडी दारात उभी राहिली. शिवाय गाडी वडिलांनी नवी घेतलेली आहे आणि इंजिनाचा मूळ क्रमांक तिच्यात आहे. तो जपावा, असे मला आज मनापासून वाटते.

घाटवाट

ताकदीइतकेच लक्ष थंडाव्याकडे द्यावे. रेडिएटर उतरवून त्याच्या नळ्या रॉडने साफ करून घ्या, केवळ पाणी सोडून धुतल्याने आतला क्षार निघत नाही. मुंबईतले अनेक मेकॅनिक गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट (पाण्याचे तापमान राखणारी झडप) काढून टाकतात. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ लागतो. चांगला थर्मोस्टॅट बसवा, पाण्याऐवजी कूलंट भरा आणि पंख्याचा पट्टा तपासा. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, हे चढाच्या विचारात विसरू नका. जी गाडी घाट वेगाने चढेल ती तो उतरणारही आहे, तेव्हा लायनर, व्हील सिलिंडर आणि रबरी होज यांच्यासाठी पैसे आधी बाजूला काढावेत.

आणखी एक गोष्ट. आता पंपावर मिळणाऱ्या ई २० पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी मिळते आणि जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधील पेट्रोलच्या छिद्रावर) मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. पातळ मिश्रणावर चढ चढणारे इंजिन तापतेच. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि इंधनाच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात.

मुलुंडची_पद्मिनी

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. सांगितल्याप्रमाणे कॉम्प्रेशन तपासले. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर ११८ ते १२४ पीएसआयच्या (दाबाचे एकक) दरम्यान, तर तिसरा केवळ ८२. ऑइल टाकल्यावर तो ८५ पर्यंतच गेला, म्हणजे दोष रिंगचा नव्हता. टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेचे) झाकण उघडले तेव्हा तिसऱ्याच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये फिलर गेजची (फट मोजण्याच्या पट्ट्यांची) सर्वांत पातळ पट्टीही शिरेना. हेड उतरवल्यावर कारण दिसले. व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये (मिटताना टेकण्याच्या बैठकीत) इतका खोल रुतला होता की तो पूर्ण मिटत नव्हता, आणि त्याच्या कडेला नखाएवढा भाग जळून पांढरट झाला होता.

नवे व्हॉल्व्ह, कठीण धातूच्या एक्झॉस्ट सीट आणि नवे गाइड बसवून घेतले, हेड मोजून घासले, डेल्कोचा बुश बदलून सेन्सर लावला आणि रेडिएटर रॉडने साफ करून घेतला. सर्व मिळून ३१,००० रुपये झाले, उरलेल्यातून ब्रेकचे काम केले. बोअरला हात लावला नाही. परवा वडिलांना घेऊन कसारा चढलो. बहुतेक घाट तिसऱ्या गिअरमध्ये गेला आणि काटा मध्याच्या थोडा वर राहिला. फक्त वरच्या शेवटच्या वळणांवर पेट्रोल कमी पडल्यासारखा एक हलका झटका येतो. हे जेटमुळे असेल का?

कुर्ल्याचा_लेथ

सीट रुतण्याचे कारण बहुधा जुनेच आहे. देशभरात फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल आले आणि मऊ सीटना शिशाचा जो लेप मिळत असे तो बंद झाला. आता कठीण सीट बसल्या आहेत, ती चिंता मिटली. मात्र पहिल्या हजार किलोमीटरनंतर हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा योग्य टॉर्कने आवळून टॅपेट एकदा लावून घ्या.

झटक्याबद्दल आधी गाडीतल्या पेट्रोल पंपाचा दाब आणि कार्बोरेटरमधील फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी पाहा. ती ठीक असेल तर चढावर पूर्ण जोर असतानाच इंजिन बंद करून गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या आणि प्लग काढून पाहा. टोक पांढरे असेल तर मुख्य जेट एक माप मोठा घ्यावा, फिकट तपकिरी असेल तर जेट तसाच राहू द्यावा. जुना जेट फेकू नका, डिकीत ठेवा.