रोज तीच कॉपी-पेस्ट करून मनगट धरलंय, शॉर्टकट स्क्रिप्टने काही होईल का?

टायपिंगचा_हमाल

नमस्कार मंडळी, आधीच सांगतो मला कोडिंग येत नाही, एक्सेलमध्ये व्हीलुकअपपर्यंत मजल आहे बस. काम असं आहे की रोज एक शीट येते, त्यात ग्राहक क्रमांक, नाव, मोबाईल, पत्ता असे चार कॉलम, आणि ते सगळं ब्राउझरमधल्या एका फॉर्ममध्ये भरायचं. रोजच्या साधारण शंभर ओळी. काल वैतागून मोजलंच, एका सेलला कंट्रोल+सी, ऑल्ट+टॅब, कंट्रोल+व्ही, टॅब, परत ऑल्ट+टॅब, उजवा बाण, म्हणजे सहा वेळा बोटं हलवायची. चार सेलचे 24, शंभर ओळींचे 2400, सबमिटचे वेगळे. आणि दुपारनंतर डोकं बंद पडतं, मग याचा मोबाईल त्याच्या नावावर जातो आणि बोलणी मी खातो.

ऑफिसातला एकजण म्हणाला ऑटोहॉटकी टाक, म्हणजे बटणं आपोआप दाबणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर. टाकलं. एआयकडून कोड लिहून घेतला, चालवला तर पहिल्याच ओळीला एरर. दुसरा लिहून घेतला, त्यालाही एरर. विंडोज 11 आहे. नक्की कुठून सुरुवात करू?

निवांत_बसा

स्क्रिप्ट वगैरे नंतर बघ, आधी ज्यांचा फॉर्म आहे त्यांना विचार की सीएसव्ही (शीटची साध्या मजकुरातली फाइल) अपलोडची सोय आहे का. लोक दोन दोन वर्षं हाताने भरत बसतात आणि मेनूत कोपऱ्यात 'इम्पोर्ट' लिहिलेलं असतं. माझंच झालंय हे, म्हणून सांगतोय.

टायपिंगचा_हमाल

विचारलं दादा. "सध्या नाही, पुढे बघू" असं उत्तर आलं. हे 'पुढे' कधी येतं ते सगळ्यांना माहितीय.

शॉर्टकटवाली

तुझ्या एररचं कारण जवळपास नक्की सांगते. ऑटोहॉटकीची दोन व्हर्जन्स आहेत, जुनं 1.1 आणि नवं 2.0, नवं डिसेंबर 2022 मध्ये पक्कं म्हणून आलं. दोघांची भाषा वेगळी आहे. जुन्यात सेंड म्हणायचं, स्वल्पविराम द्यायचा आणि मजकूर तसाच लिहायचा, नव्यात तोच मजकूर डबल कोटमध्ये लागतो. नेटवर वर्षानुवर्षांचा जुना कोड पडलाय आणि एआय त्या दोघांची खिचडी करून देतं. तू नवीनच उतरवलंयस म्हणजे 2.0 असणार, तर एआयला स्पष्ट सांग की फक्त व्हर्जन 2 चा कोड दे, आणि तरी दिलेल्या कोडवर विश्वास ठेवू नकोस.

पण त्या फॉर्मवर लगेच उडी मारू नको असं माझं मत. आधी हॉटस्ट्रिंग करून बघ, एका ओळीचं काम आहे. दोन कोलन, मग तुझं छोटं रूप, परत दोन कोलन, मग पूर्ण मजकूर, संपलं. मी मेलखालचा पाच ओळींचा ठरलेला मजकूर तीन अक्षरांवर बसवलाय, ती टाइप करून स्पेस दाबली की बाकीचं आपोआप येतं. स्पेसचीही वाट बघायची नसेल तर सुरुवातीच्या दोन कोलनांच्या मधे चांदणी टाक. मात्र छोटं रूप असं निवड जे शब्दाच्या सुरुवातीला कधी येत नाही, मी पहिल्यांदा साधी दोन अक्षरं घेतली होती आणि चांदणीही लावली होती, मग दिवसभर प्रत्येक चौथ्या शब्दाला माझी सही उमटत होती 😅

चार चिन्हं पाठ कर: ^ म्हणजे कंट्रोल, ! म्हणजे ऑल्ट, + म्हणजे शिफ्ट, # म्हणजे विंडोज की. एवढ्यावर निम्मा कोड वाचता येतो.

मराठी मजकूर स्क्रिप्टमध्ये टाकणार असशील तर फाइल यूटीएफ-8 मध्येच (अक्षरं साठवायची पद्धत) सेव्ह कर. नवं व्हर्जन ते आपसूक धरतं, जुन्याला बॉम (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) असलेली यूटीएफ-8 लागायची, नाहीतर देवनागरीचा नुसता चिखल बाहेर यायचा. मी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवलीय.

जुनं_खोड

ताईंचं बरोबर आहे पण या मुलाचं मनगट दुखतंय, त्याला सही नकोय. फॉर्मचंच सांगतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एक्सेलमध्ये तू चार सेल एकदम सिलेक्ट करून कॉपी केलेस की क्लिपबोर्डवर जो साधा मजकूर जातो त्यात दोन सेलच्या मधे टॅब असतो. वाटलं तर नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघ. आणि ऑटोहॉटकीत सेंडटेक्स्ट नावाची जी कमांड आहे ती मजकुरात टॅब दिसला की खरोखरची टॅब की दाबते. म्हणजे क्लिपबोर्ड जसाच्या तसा सेंडटेक्स्टला दिला तर पहिला आकडा लिहिला जातो, टॅब, नाव, टॅब, मोबाईल, टॅब, पत्ता. चारही रकाने भरले. तुझे ते 24 वेळचे हाल चार-पाच वेळांवर येतात आणि याचा मोबाईल त्याला जायचाही प्रश्न मिटतो, कारण ओळ एकत्रच उचलली जाते.

आता खड्डा कुठे आहे ते ऐक. एक्सेल त्या मजकुराच्या शेवटी नवी ओळ जोडतं. आणि सेंडटेक्स्ट नव्या ओळीला काय दाबतं? एंटर. फॉर्ममध्ये एंटर म्हणजे बहुतेकदा सबमिट. तू नजर टाकायच्या आत फॉर्म गेलेला असेल. म्हणून पाठवायच्या आधी शेवट छाटायचा, त्याला आरट्रिम आहे, त्यात कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन ही नव्या ओळीची दोन्ही चिन्हं सांगायची. ही एक ओळ विसरायची नाही.

बटण म्हणून मी एफ8 घेईन, क्रोममध्ये एरवी ते कामाचं नाही. पण एक्सेलमध्ये एफ8 ने सिलेक्शन वाढवायचा मोड चालू होतो, म्हणून हे बटण फक्त फॉर्मच्या खिडकीतच चालेल असं बांधून टाक, हॉटइफ आणि विनअॅक्टिव्ह वापरून. नुसतं ब्राउझरचं नाव देऊ नको, फॉर्मच्या टायटलमधले दोन शब्द दे. नाहीतर त्याच ब्राउझरात मेल उघडा असताना चुकून एफ8 दाबशील आणि ग्राहकाचा पत्ता साहेबांच्या मेलमध्ये जाईल. खिडकीचं टायटल बघायला सोबतच विंडो स्पाय मिळतं.

माउसचे क्लिक रेकॉर्ड करणारी टूल्स मिळतील, त्यांच्या नादी लागू नको. स्क्रीनवरच्या अमुक जागी क्लिक कर असं सांगितलेलं असतं, खिडकी थोडी सरकली, झूम बदलला, वर एखादी पट्टी आली की सगळे क्लिक भलतीकडे. तसंच स्लीप. लोक जागोजागी स्लीप 500 टाकतात, म्हणजे अर्धा सेकंद थांब, आणि ज्या दिवशी पेज उघडायला दोन सेकंद लागतात त्या दिवशी स्क्रिप्ट हवेत टाइप करते. खिडकी येईपर्यंत थांब असं सांगायला विनवेटअॅक्टिव्ह आहे, क्लिपबोर्डात काही येईपर्यंत थांब याला क्लिपवेट. स्लीप अगदीच इलाज नसेल तर.

आणि सबमिट हातानेच कर. स्क्रिप्टला तेही करता येतं, पण नजर टाकायला ते दोन सेकंद ठेव.

मॅकवाला_एकटा

मॅकवर असलेल्यांसाठी लिहून ठेवतो, ऑटोहॉटकी तिथे नाही. हॉटस्ट्रिंगसारखं काम कीबोर्ड सेटिंग्जमधल्या टेक्स्ट रिप्लेसमेंटने होतं, तेही काही अॅप्समध्ये चालत नाही. जास्त काही करायचं तर हॅमरस्पून, फुकट आहे, लुआ भाषेत लिहावं लागतं. एस्पॅन्सो पण बघा, ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, फक्त मजकूर विस्तारासाठी उत्तम. लिनक्सवाल्यांनी एक्सडूटूल (तिथलं बटणं दाबणारं टूल) वापरायच्या आधी आपण वेलँडवर आहोत का ते बघावं, एक्सडूटूल एक्स11 साठी बनलंय; वेलँड आणि एक्स11 म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या दोन वेगळ्या यंत्रणा.

रात्रपाळी

कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. ऑफिसचं मशीन असेल तर आयटीला विचारून टाका. या स्क्रिप्टची एक्सई (स्वतंत्र चालणारी प्रोग्राम फाइल) बनवली की अँटीव्हायरस बऱ्याचदा बोंब मारतो, कारण कीबोर्डच्या बटणांवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम त्याला कीलॉगरसारखा (टाइप केलेलं चोरून टिपणारा) वाटतो. परवानगी असली की निदान उत्तर देता येतं. आणि स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहू नका, ती साधी टेक्स्ट फाइल असते, कोणीही उघडून वाचेल. हॉटस्ट्रिंगवर पासवर्ड ठेवणारे लोक मी पाहिलेत, हसू का रडू कळत नाही.

अजून एक, एखादी खिडकी अॅडमिन म्हणून चालू असेल तर साधी स्क्रिप्ट तिच्यात टाइप करू शकत नाही, एररही देत नाही, नुसती गप्प. लोक दोन तास कोड तपासत बसतात.

टायपिंगचा_हमाल

काका तुमचे पाय कुठे आहेत 🙏 आयटीची परवानगी घेतली, ते म्हणाले एक्सई नको, स्क्रिप्ट चालव. सहा ओळी झाल्या एकूण. पहिल्यांदा एफ8 दाबला आणि चारही रकाने आपोआप भरले तेव्हा मी उगाचच मागे वळून कोणी बघतंय का ते पाहिलं.

पण. सकाळी तीसेक ओळी झकास गेल्या आणि मग एका ओळीला फॉर्म आपोआप सबमिट झाला, पत्ता अर्धाच. आरट्रिम टाकलेलं आहे, तीनदा तपासलं. पुढे परत दोन ओळींना तसंच. आणि त्या अर्ध्या पत्त्याच्या सुरुवातीला एक डबल कोटचं चिन्ह आलंय, ते शीटमध्ये कुठेच दिसत नाही. भूत आहे का हे? शिवाय एका ग्राहक क्रमांकाच्या जागी 1.23 ई अधिक 11 असलं काहीतरी गेलं, ते सुदैवाने सबमिटच्या आधी दिसलं.

जुनं_खोड

भूत नाही, पत्ता ज्याने भरला त्याने सेलच्या आत ऑल्ट+एंटर मारलाय. सेलमध्ये दोन ओळी असल्या की एक्सेल कॉपी करताना त्या सेलला डबल कोटमध्ये गुंडाळतं, ते तुझं चिन्ह. आणि आतली नवी ओळ मधेच असल्यामुळे आरट्रिमला ती दिसत नाही, ते फक्त शेवट छाटतं. सेंडटेक्स्टने तिथे इमानेइतबारे एंटर दाबला.

शीट हातात आली की पत्त्याचा कॉलम सिलेक्ट करून कंट्रोल+एच, फाइंडच्या चौकटीत कंट्रोल+जे दाब. काही दिसणार नाही, फार तर एक बारीक ठिपका लुकलुकेल, पण नवी ओळ तिथे गेलेली असते. रिप्लेसमध्ये स्वल्पविराम आणि स्पेस दे, रिप्लेस ऑल. कोटपण जातील, कारण ते नव्या ओळीमुळेच येत होते. पुढच्या वेळी मात्र त्या चौकटीतलं ते न दिसणारं पुसून टाक, नाहीतर साधं काही शोधशील आणि सापडणार नाही.

तरी विसरशील त्या दिवसासाठी स्क्रिप्टमध्येही राखण ठेव. शेवट छाटून झाल्यावर मजकुरात अजून न्यूलाइन सापडली तर काहीही न पाठवता मेसेज बॉक्स दाखवायचा. तसंच टॅब मोजायचे, बरोब्बर तीन असले तरच पुढे. चुकून पाच कॉलम सिलेक्ट केलेस किंवा क्लिपबोर्डात भलतंच काही असलं तरी फॉर्मला हात लागणार नाही.

आकड्याचं असं, कॉपी करताना सेलमध्ये जसं दिसतं तसंच जातं. 11 पेक्षा जास्त अंकी आकडा जनरल फॉरमॅटमध्ये एक्सेल तसा ई घालून दाखवतं. त्या कॉलमला नंबर फॉरमॅट दे, दशांश शून्य. आणि कॉलम रुंद ठेव, अरुंद कॉलममध्ये ##### दिसत असेल तर तेच पेस्ट होईल. क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असतील किंवा तो 15 पेक्षा जास्त अंकी असेल तर मात्र नंबर चालणार नाही, कॉलम आधीपासून टेक्स्टच हवा. एकदा आकडा म्हणून शिरला की गेलेले अंक परत येत नाहीत.

शॉर्टकटवाली

आणि एस्केपवर स्क्रिप्ट बंद करायची ओळ टाकलीस का? फक्त फॉर्मपुरती नको, सगळीकडे चालेल अशी. चुकीचं काही सुरू झालं की माणूस घाबरून आधी एस्केपच दाबतो.

टायपिंगचा_हमाल

कंट्रोल+जे वर विश्वास बसत नव्हता, 17 पत्ते निघाले तसले. टॅब मोजायचं टाकलं, एस्केप पण टाकलं ताई. फक्त आता एक्सेलमध्ये सेल एडिट करताना सवयीने एस्केप दाबतो आणि स्क्रिप्ट बंद पडते, मग एफ8 दाबत बसतो आणि काहीच होत नाही.

शॉर्टकटवाली

😂 कंट्रोल+एस्केप नको घेऊ, त्याने स्टार्ट मेनू उघडतो. शिफ्ट+एस्केपने क्रोमचा टास्क मॅनेजर. पॉज की आहे का तुझ्या कीबोर्डवर? ती कोणीच वापरत नाही.

टायपिंगचा_हमाल

आहे, धूळ बसलीय तिच्यावर. तीच घेतो.