साउथईस्ट डिव्हिजन २०११-१२: कोच आणि संघ जोखायचे कसे?

निळीरेषा
नमस्कार मंडळी. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या जुन्या साउथईस्ट डिव्हिजनचा (गटाचा) २०११-१२ चा हंगाम तक्त्यात मांडतोय. फ्लोरिडा पँथर्स ९४ गुण, वॉशिंग्टन कॅपिटल्स ९२, टँपा बे आणि विनिपेग ८४, कॅरोलायना ८२. डिव्हिजन जिंकली म्हणून फ्लोरिडाला प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) तिसरं मानांकन, आणि १०२ गुण मिळवणारे न्यू जर्सी डेव्हिल्स सहावे! शिवाय २८ नोव्हेंबर २०११ ला एकाच दिवशी दोन कोच गेले, वॉशिंग्टनचे ब्रूस बूड्रो आणि कॅरोलायनाचे पॉल मॉरिस. अशा कमकुवत गटात गुण सोडून काय बघावं? फ्लोरिडाचे कोच केविन डिनीन यांना श्रेय किती द्यायचं?

पेनल्टीकिल
सगळ्यात आधी गोलफरकाचा रकाना भरा. क्रिकेटमधल्या नेट रन रेटसारखाच तो खरं बोलतो. त्या वर्षी या गटातले पाचही संघ उणे होते. फ्लोरिडाने २०३ गोल केले आणि २२७ खाल्ले, म्हणजे उणे २४, आणि तरी पहिले.

मग ९४ गुण आले कुठून? ३८ विजयांचे प्रत्येकी २ प्रमाणे ७६, आणि ओव्हरटाइम (जादा वेळ) किंवा शूटआउटमध्ये (एकास एक फटक्यांच्या निर्णयात) हरलेल्या १८ सामन्यांचा प्रत्येकी १. वॉशिंग्टनने ४२ सामने जिंकले, पण असे हरलेले सामने ८ च. चार विजय जास्त असूनही मागे! हा १ गुण बाजूला काढल्याशिवाय या गटाची क्रमवारी वाचूच नका.

दोन गोष्टींत बहुतेक जण चुकतात. शूटआउट जिंकला की अधिकृत तक्त्यात एक गोल जमा धरतात, तो वजा करा. रिकाम्या जाळीत गेलेले गोलही वेगळे काढा. शेवटच्या दोन मिनिटांत पिछाडीवरच्या संघाने गोली (गोलरक्षक) बाहेर बोलावला की १ चा फरक २ होतो, त्यावरून संघाची ताकद कळत नाही. त्यानंतर ८२ सामन्यांचे दोन भाग करा: गटातले २४ (चार संघांशी सहा-सहा) आणि बाहेरचे ५८. बाहेरच्या ५८ मधली कामगिरी हीच खरी पातळी.

फोरचेक
कोचबदलाचं सांगतो. कोच गेल्यावर संघ सुधारला की लोक लगेच नव्याला श्रेय देतात. पण जुन्याला काढतात ते बहुतेक वेळा नशीब तळाला असताना, तिथून थोडं वर येणं आपसूकच होतं. म्हणून मिळालेले गुण भागिले मिळू शकणारे गुण, असं दोघांचं वेगवेगळं काढा.

वॉशिंग्टन: बूड्रो १२-९-१ (विजय, पराभव, ओव्हरटाइम किंवा शूटआउटमधले पराभव), म्हणजे ४४ पैकी २५, साधारण ५७ टक्के. नंतर डेल हंटर ३०-२३-७, १२० पैकी ६७, साधारण ५६ टक्के. गुणांत काहीच बदललं नाही. बदलली ती शैली: हंटरचा संघ आघाडीवर असताना मागे बसून शॉट अडवायचा आणि त्या वेळी हुकमी गोल करणाऱ्या ओवेचकिनला बर्फावर कमी मिनिटं मिळायची. बोस्टनविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतले सातही सामने एका गोलाच्या फरकाने सुटले, त्याचं मूळ याच शैलीत आहे.

कॅरोलायना: मॉरिस ८-१३-४, ५० पैकी २०. कर्क मुलर २५-२०-१२, ११४ पैकी ६२. टक्के ४० वरून ५४ वर गेले, पण त्यातले १२ गुण हरून मिळालेले. नुसते विजय मोजले तर ३२ वरून ४४ टक्के. सुधारणा खरी आहे, पण दिसते तेवढी नाही.

यासोबत पाच विरुद्ध पाच (गोली सोडून दोन्हीकडे पाच खेळाडू) आणि गुणफलक बरोबरीत असतानाचा शॉट-प्रयत्नांतला वाटाही लावा. आघाडीवरचा संघ मागे सरकतो, पिछाडीवरचा पक (खेळातली रबरी चकती) फेकत सुटतो, म्हणून एकूण आकडा फसवतो. २०-२५ सामन्यांच्या आत निष्कर्ष काढायची घाई नको.

जाळीसमोर
फोरचेक यांचं पटतं, पण गोली विसरू नका. टँपा बेचे कोच गाय बुशे हे ठळक उदाहरण. २०१०-११ मध्ये १०३ गुण आणि कॉन्फरन्स फायनलचा (अंतिम फेरीच्या आधीच्या मालिकेचा) सातवा सामना बोस्टनशी १-० ने हरले. पुढच्या वर्षी कोच तेच, १-३-१ मांडणी तीच (एक पुढे दाबायला, तिघं मधल्या पट्ट्यात आडवे, एक मागे), स्टॅमकॉसचे ६० गोल, आणि गुण ८४! खाल्लेले गोल २८१, लीगमध्ये सर्वांत जास्त. जाळीतल्या ४२ वर्षांच्या रोलोसनचा खेळ कोसळला होता. १-३-१ प्रतिस्पर्ध्याला मधल्या पट्ट्यात थोपवते. ती भिंत ओलांडून पक मागे गेला की मात्र सगळा भार गोलीवर.

म्हणून शॉट-टक्के (आपल्या शॉटपैकी गोल झालेले) अधिक सेव्ह-टक्के (समोरच्यांच्या शॉटपैकी गोलीने अडवलेले) अशी पाच विरुद्ध पाचची बेरीज करा. लीगची सरासरी १०० असते. ती १०२ च्या वर असताना कोचचं कौतुक आणि ९८ च्या खाली असताना त्याची हकालपट्टी, दोन्ही घाईचं.

निळीरेषा
आभार! मग बूड्रोंचं २००७-०८ चं यशही नशिबाचंच धरायचं का? तेव्हाही गट हाच होता.

पेनल्टीकिल
नाही, ते वेगळं. वॉशिंग्टनचे आधीचे कोच ग्लेन हॅनलन ६-१४-१ वर गेले, हर्शी या दुय्यम लीगमधल्या संघाहून आलेल्या बूड्रोंनी ३७-१७-७ केलं. म्हणजे ३१ टक्क्यांवरून ६६. फेब्रुवारीअखेर आलेल्या गोली ह्युएचा ११-२-० चा वाटा त्यात आहे, तो काढला तरी २६-१५-७, म्हणजे ६१ टक्के उरतात. शिवाय पुढच्या दोन हंगामांत १०८ आणि १२१ गुण. टिकलं ते कोचचं.

डिनीनना हाच निकष लावा. २०१२-१३ च्या ४८ सामन्यांच्या हंगामात फ्लोरिडा १५-२७-६, ३६ गुण, अख्ख्या लीगमध्ये शेवटचे. त्यात दुखापतींचा वाटा मोठा होता, तो टिपेत लिहा. पण उणे २४ ने वर्षभर आधीच इशारा दिला होता. २०११ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचे जनरल मॅनेजर डेल टॅलन यांनी कॅम्पबेल, फ्लाइशमन, व्हर्स्टीग असे खेळाडू एका झटक्यात आणले, त्यांची मोट बांधून संघ उभा केला एवढं श्रेय डिनीनचं नक्की. त्यापुढचं त्या १८ सामन्यांचं.