रूड स्क्रीनला ‘अंतरपट’ चालेल का?

पाटीपुस्तक: वेल्समधल्या ब्लॅक माउंटन्समध्ये पार्ट्रिशो नावाचं आडवाटेचं छोटं चर्च आहे, त्यावर लिहितेय. गाडी अडलीय ती रूड स्क्रीनपाशी. लोक बसतात तो भाग आणि वेदीचा भाग यांच्या मधोमध ओकचं कोरीवकाम, साधारण १५०० सालचं, आरपार दिसणारं; वर माळा. रूड म्हणजे क्रूस, तो अशा माळ्यापाशी उभा करत. मी ‘अंतरपट’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘पडदा’ केलं. लाकडाचा पडदा?

ओसरीकर: अंतरपट मंगलाष्टकं संपली की बाजूला होतो. हा पाचशे वर्षं जागचा हललेला नाही. ‘जाळी’ म्हणा, सुटा.

पाटीपुस्तक: जाळी म्हटलं की न्हाणीघराची खिडकी डोळ्यांपुढे येते हो. इथे आडव्या तुळईवर द्राक्षवेल कोरलीय आणि तिचं टोक ड्रॅगनच्या तोंडात!

वसईवाला: रूड स्क्रीनच ठेवा की. आमच्याकडे ‘वेदी’, एका चर्चखालच्या वस्तीला ‘धर्मग्राम’, हे शब्द रुळले ते लोक बोलतात म्हणून. गोव्यात ‘इगर्ज’, म्हणजे चर्च, हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, कुणाचं काय बिघडलं?

शुद्धमती: असं म्हणत म्हणतच मराठीची वाट लागते. आत गाभारा, बाहेर सभामंडप, मध्ये अंतराळ. शब्द आयते आहेत, वापरायची लाज का?

वसईवाला: गाभाऱ्यात समईचा उजेड असतो, ताई. तिकडे वेदीमागे पूर्वेला खिडकी असते. आणि ‘अंतराळ’ वाचून लोक यान शोधतील.

ओसरीकर: सोवळं मात्र तेच. धर्मगुरू आत, रयत बाहेर.

पाटीपुस्तक: इतकं सरळ नाही ते. पार्ट्रिशोत स्क्रीनच्या अलीकडे, रयतेच्याच बाजूला, दोन दगडी वेद्या आहेत. अशा वेद्या धर्मसुधारणेत बहुतेक ठिकाणी फोडल्या. माळे उतरवायचा एलिझाबेथ राणीचा हुकूम १५६१ चा. इथे दोन्ही शाबूत. माझ्या मते आडरान कामी आलं.

चहाबाज: भिंतीवर सांगाडा रंगवलाय तेच ना हे? हातात कोयता, वाळूचं घड्याळ, फावडं. चुना फासला तरी पुन्हा उमटतो म्हणतात.

पाटीपुस्तक: तेच. कोयता नव्हे, लांब दांड्याचं गवत कापायचं पातं. त्यालाही शब्द सुचवा.

शुद्धमती: विळा.

ओसरीकर: विळा एका हाताचा, बसून चालवायचा. कधी गवत कापलंय का?

चहाबाज: ते राहू द्या. तिकडच्या चर्चच्या आवाराला छपराचं फाटक असतं, लिचगेट. लिच म्हणजे जुन्या इंग्रजीत प्रेत. धर्मगुरू येईपर्यंत शवपेटी तिथे टेकवत. याला आपल्याकडे ‘विसावा’ आहेच!

वसईवाला: विसाव्याला छप्पर कुठलं? आमच्या वाटेवर नुसता दगड होता.

चहाबाज: आमच्याकडे पत्र्याची शेड आहे. ग्रामपंचायतीने बांधली.

शुद्धमती: शेड नव्हे, मांडव.

ओसरीकर: मांडव लग्नाचा. प्रेतावर मांडव घालता?